मुलाचा कान सहा वर्षं वाहतोय, ऑपरेशन करावं का?

एका आईने विचारलेला हा प्रश्न. मुलगा नऊ वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी पडशातून ताप आला, रात्रभर रडला आणि सकाळी उजवा कान फुटला. तेव्हापासून तो कान अधूनमधून वाहतो. मेडिकलमधून थेंब आणून घातले की आठवडाभरात थांबतो, पुन्हा पडसं झालं की सुरू. गेल्या वर्षापासून पाणी बरंच कमी झालंय, पण कानाला वास येतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं आहे. सासूबाईंचं म्हणणं, मोठा झाला की आपोआप थांबेल. शिवाय त्यांच्या गावात कुणाला तरी कानाच्या ऑपरेशननंतर उलट कमी ऐकू यायला लागलं. मग काय करावं?

ताई, आधी सरळ उत्तर देते. पाणी कमी होणं आणि वास सुरू होणं ही सुधारणा नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आम्हा कान-नाक-घसावाल्यांच्या मनात पहिली शंका एकाच आजाराची येते, आणि तो आजार थेंबांनी बरा होत नाही. शंका म्हणजे निदान नव्हे. पण ती खरी की खोटी हे येत्या आठ-दहा दिवसांत ठरवून घ्या. परीक्षा, पाहुणे, सण यासाठी थांबू नका. हे ठरवायचं कसं आणि ऑपरेशनला का घाबरू नये, ते आता सविस्तर सांगते.

कानाचं भोक बाहेरून आत साधारण अडीच सेंटिमीटर जातं आणि पडद्याशी संपतं. हा पडदा जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचा आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ. त्याच्या मागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते. तिच्यात एकमेकांना जोडलेली तीन इवलीशी हाडं असतात. पडदा हलला की ती हलतात आणि आवाज आतल्या कानापर्यंत पोचतो. यातलं शेवटचं हाड, रिकीब, फक्त तीन मिलिमीटरचं. या पोकळीत हवा येते ती नाकाच्या मागच्या भागातून, एका नळीतून. गिळताना किंवा जांभई देताना ही नळी क्षणभर उघडते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, आणि तिच्या तोंडाशीच ॲडेनॉइडची गाठ फुगलेली असते. म्हणून पडसं झालं की नाकातले जंतू कानात चढतात, पू साठतो, पडद्यावर दाब येतो आणि मूल कळवळून रडतं. पडदा फुटून पू बाहेर आला की दुखणं एकदम थांबतं. घरच्यांना हायसं वाटतं, पण लक्ष द्यायची वेळ खरं तर तिथून सुरू होते.

असा फुटलेला पडदा बहुतेक मुलांत काही आठवड्यांत आपोआप जुळून येतो. तो जुळला का, हे बघायला मात्र फार कमी जण परत येतात. दुखत नाही, वाहत नाही, मग कशाला जायचं असं वाटतं. ज्यांचा पडदा जुळत नाही त्यांच्यापैकी पुष्कळांचा पुढचा प्रवास तुमच्या मुलासारखाच होतो: पडसं, पाणी, थेंब, थोडे दिवस कोरडा, पुन्हा पडसं.

आता मुख्य मुद्दा. वाहणारे कान बाहेरून सारखेच दिसतात, पण आत दोन निराळे आजार असू शकतात.

पहिल्या प्रकारात पडद्याच्या ताणलेल्या भागात भोक असतं आणि त्याच्या चारी बाजूंनी पडद्याची कड शिल्लक असते. नाकातून पडसं चढलं किंवा बाहेरून पाणी गेलं की आतलं अस्तर सुजतं आणि कान वाहतो. येणारं पाणी भरपूर, चिकट, तार सुटणारं आणि बहुधा बिनवासाचं असतं. ऐकू कमी येतं, पण जिवाला धोका सहसा नसतो. जुन्या पुस्तकांत याला सुरक्षित प्रकार म्हणायचे. मला तो शब्द फारसा आवडत नाही. तो ऐकला की लोक पुढची दहा वर्षं निर्धास्त होतात आणि मूल तेवढी वर्षं कमी ऐकत शाळा शिकतं.

दुसऱ्या प्रकारात आजार पडद्याच्या वरच्या टोकाशी किंवा मागच्या कडेला असतो. नाकाकडून येणारी हवा वर्षानुवर्षं पुरी पडत नाही, आतला दाब उणा राहतो, आणि पडद्याचा सैल भाग आत ओढला जाऊन त्याची पिशवी तयार होते. पडद्याच्या बाहेरच्या बाजूला त्वचा असते. त्वचेवरचे मेलेले कण निरोगी कानात हळूहळू बाहेर सरकत येतात. पिशवीत ते अडकतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर साठत जातात. याचं नाव कोलेस्टिएटोमा. हा कर्करोग नाही, हे आधी स्पष्ट करते. पण तो वाढतो, आणि वाढताना भोवतीचं हाड झिजवतो. पेशंट सांगतात, 'डॉक्टर म्हणाले हाड कुजलंय', ते हेच. पाणी थोडं येतं, कधी नुसता ओलसरपणा असतो, कधी रक्ताची झाक दिसते, आणि वास असा की शेजारी बसलेल्यालाही जाणवावा. दुखत नाही, हाच मोठा घात. न दुखणाऱ्या कानासाठी एस.टी.चं तिकीट कुणी काढत नाही.

हाड झिजलं तर काय होतं, हे कानाचा शेजार कळला की समजतं. पोकळीच्या छतावर पातळसं हाड आणि त्याच्या लगेच वर मेंदू. मागे मेंदूतलं रक्त वाहून नेणारी मोठी शीर. आतून चेहरा हलवणारी नस जाते, तीही हाडाच्या बारीक नळीतून. बाजूला तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या. यातलं काहीही उघडं पडू शकतं. कानामागे गळू, तोंड वाकडं होणं, सतत चक्कर, मेंदूच्या आवरणाला सूज, मेंदूत पू हे सगळे आजार वाहत्या कानातून होतात, आणि आजही होतात. प्रतिजैविकं आल्यापासून ते कमी झाले. नाहीसे झालेले नाहीत.

तुमच्या मुलाला यातलं कोणतं आहे हे मी इथून सांगू शकत नाही. वासावरूनही पक्कं ठरत नाही. पहिल्या प्रकारातही बरेच दिवस साचलेल्या पुवाला वास येतो, आणि दुसऱ्या प्रकारात जंतू जोरात असले तर पाणी भरपूर येतं. पडदा पूर्ण दिसला पाहिजे, विशेषतः त्याचं वरचं टोक. सगळं त्यावर ठरतं. म्हणूनच कान आधी नीट साफ करावा लागतो. पुवाने भरलेल्या कानात बॅटरी मारून 'पडद्याला भोक आहे' एवढंच सांगता येतं, आणि तेवढ्यावर ना थेंब ठरवावेत ना ऑपरेशन. वरच्या टोकाला चिकटलेली एक सुकी खपली असते, मळासारखीच दिसते. ती न काढता कागदावर 'मळ आहे' असं लिहून मुलाला परत पाठवलं, की खालची पिशवी पुढची दोन वर्षं तशीच वाढत राहते. तज्ज्ञ मायक्रोस्कोपखाली बारीक सक्शनने कान स्वच्छ करतात, किंवा दुर्बिणीने पडदा टीव्हीच्या पडद्यावर दाखवतात. तुम्हालाही दाखवा म्हणावं. बहुतेक डॉक्टर आनंदाने दाखवतात, आणि आपल्या मुलाचा पडदा एकदा डोळ्यांनी बघितलेल्या आईला पुढचं बोलणं लगेच समजतं. सक्शनचा आवाज मोठा असतो आणि कधी क्षणभर चक्कर येते, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

त्यानंतर ट्यूनिंग फोर्कची तपासणी. ५१२ हर्ट्झचा तो चिमटा वाजवून आधी कानासमोर धरतात, मग कानामागच्या हाडावर टेकवतात. निरोगी कानाला समोरचा आवाज मोठा वाटतो. पडदा किंवा हाडांची साखळी बिघडली असेल तर हाडावरचा मोठा वाटतो. मग तोच चिमटा कपाळाच्या मधोमध ठेवतात. आवाज आजारी कानाकडे गेला तर बिघाड बाहेरच्या यंत्रणेत आहे, म्हणजे दुरुस्त होण्याजोगा आहे. चांगल्या कानाकडे गेला तर आतली नस दुखावली असण्याची शक्यता असते, आणि डॉक्टरांचा चेहरा जरा गंभीर होतो. ही तपासणी दोन मिनिटांची, फुकटची आणि अतिशय मोलाची आहे. मशीन आलं म्हणून ती सोडून देऊ नये, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांना नेहमी सांगते.

ऑडिओमेट्री नावाची ऐकण्याची तपासणीही हवीच. नुसत्या पडद्याच्या भोकाने ऐकण्यात साधारण ४० डेसिबलपर्यंत घट होऊ शकते. त्याहून बरीच जास्त घट असेल, तर आतली हाडं तुटली किंवा झिजली असावीत असं धरतात. याखेरीज डॉक्टर कानासमोरचा कूर्चेचा भाग दाबून चक्कर येते का बघतील, मुलाला दात दाखवायला आणि डोळे घट्ट मिटायला सांगतील. कोलेस्टिएटोमाची शंका असेल तर कानाच्या हाडाचा सी.टी. स्कॅन काढतात. प्रत्येक वाहत्या कानाला सी.टी. लागत नाही. साध्या भोकासाठी तो लिहून दिला असेल तर कशासाठी, हे जरूर विचारा. वाकडं तोंड, चक्कर, ताप, डोकेदुखी अशा खुणा असतील तर मात्र तो ताबडतोब हवा.

नाक आणि घसाही तपासायला हवा, कारण आजाराचं मूळ बहुधा तिथेच असतं. मूल तोंड उघडं ठेवून झोपतं का, घोरतं का, नाक सतत वाहतं का, हे आठवून ठेवा. ॲडेनॉइड मोठे असतील, ॲलर्जी असेल, तर त्यावर उपचार झाल्याशिवाय कानाला कायमचा आराम पडणं कठीण जातं. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, चुलीचा धूर कोंडत असेल, तर तेही सांगा. धुराने मुलांच्या कानाचे आजार वाढतात, हे पक्कं आहे.

आपल्याकडे क्षयरोगही अधूनमधून कानात सापडतो. न दुखता वाहणारा, कोणत्याच औषधाला दाद न देणारा कान, पडद्याला एकापेक्षा जास्त भोकं, आत फिकट मांसाचे कोंब आणि त्या मानाने फारच कमी ऐकू येणं, असं असेल तर तुकडा तपासायला पाठवावा लागतो. घरात कुणाला क्षय झाला असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता घरगुती उपायांबद्दल. तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत होतं म्हणून सांगते. लसूण कढवलेलं तेल, गरम खोबरेल, तुळशीचा रस, दूध, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीही वाहत्या कानात घालू नका. पडद्याला भोक आहे, म्हणजे तुम्ही घातलेलं तेल थेट आतल्या पोकळीत जातं. ओलसर, तेलकट कानात बुरशी माजते, ती वेगळीच. पावसाळ्यात आणि कोकणपट्टीत असे कान सतत येतात: आत ओल्या टीपकागदासारखा लगदा, त्यावर काळे ठिपके, आणि जीव नकोसा करणारी खाज. बाळाला न्हाऊ घालताना कानात तेल सोडणं आणि फुंकर मारणं, हेही बंद व्हायला हवं. मालिश करणाऱ्या मावशींच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण कानाला तेलाची गरज कोणत्याही वयात नसते.

मेडिकलमधून आणलेल्या थेंबांचं दुखणं निराळं आहे. कानाचे सगळे थेंब एकसारखे नसतात. मळ मऊ करायच्या काही थेंबांत टर्पेंटाइन असतं. ते भोकातून आत गेले तर मुलाला भयंकर झोंबतं. जेंटामायसिन, निओमायसिनसारखी औषधं असलेले थेंब पडद्याला भोक असताना आतल्या कानाच्या नसेला इजा करू शकतात, आणि नस गेली की ती परत येत नाही. काही बाटल्यांत प्रतिजैविक, बुरशीचं औषध, स्टेरॉइड आणि बधिर करणारं औषध असं सगळंच एकत्र असतं. त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि खरा आजार झाकला जातो. मागच्या सहा वर्षांत कोणकोणते थेंब घातले ते आठवत असेल तर लिहून न्या, रिकाम्या बाटल्या असतील तर त्याच न्या.

तपासणीत पहिला प्रकार निघाला, तर उपचार साधा आहे, पण नेटाने करावा लागतो. वाहत्या कानावर पोटात घ्यायच्या गोळ्यांपेक्षा कानात घालायचे थेंब जास्त काम करतात, कारण औषध नेमकं तिथे आणि पुरेशा प्रमाणात पोचतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे थेंब भोक असतानाही चालतात. पण पुवाने भरलेल्या कानात थेंब घालून उपयोग नाही. आधी कान टिपून घ्यायचा. स्वच्छ कापसाची सैल वात वळा, कानाचा वरचा भाग हलकेच मागे-वर ओढा, वात आत सरकवा, ओली झाली की काढून टाका आणि नवी घ्या. वात कोरडी निघेपर्यंत हे करा, दिवसातून तीन-चार वेळा. काडी नको, हेअरपिन नको, इअरबडही नको. मग थेंबांची बाटली दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करा. गार थेंबांनी गरगरतं आणि मूल पुढच्या वेळी जवळ येत नाही. मुलाला कुशीवर झोपवा, सांगितले तितके थेंब घाला, कानासमोरची कूर्चा चार-पाच वेळा हलके दाबा म्हणजे औषध भोकातून आत उतरेल, आणि पाच मिनिटं तसंच पडू द्या. घशात कडू लागलं तर घाबरू नका, औषध नळीतून खाली उतरलं एवढाच त्याचा अर्थ.

कान कोरडा ठेवणं हे यातलं सर्वांत अवघड काम. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी बसवा आणि अंघोळ झाली की काढून टाका. दिवसभर बोळा ठेवला तर आत घाम आणि ओल साचते. विहिरीत, नदीत पोहणं बंद. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडे सगळी भावंडं विहिरीत उड्या मारत असताना एकाला काठावर बसवणं किती कठीण असतं, मला ठाऊक आहे. पण मे महिन्यात वाहायला लागलेले कितीतरी कान याच कारणाने वाहत असतात. पडदा बसवल्यानंतर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो पुन्हा पोहू शकेल, हे त्याला समजावून सांगा. मुलं असं कारण ऐकतात.

कान काही आठवडे कोरडा राहिला की पडदा बसवायचं ऑपरेशन करतात, त्याला टिम्पॅनोप्लास्टी म्हणतात. या शस्त्रक्रियेची आजची पद्धत १९५०च्या दशकात जर्मनीत वुल्स्टाइन आणि झोल्नर या दोन शल्यचिकित्सकांनी मायक्रोस्कोपच्या मदतीने रूढ केली. आज बहुधा कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून किंवा कानाच्या पुढची कूर्चा वापरून भोक बुजवतात. परका पडदा लागत नाही, मुलाचं स्वतःचंच असतं. अनुभवी हातात दहापैकी आठ-नऊ पडदे बसतात. न बसण्याची कारणं बहुधा नाकात असतात: पडसं, ॲलर्जी, हवेची नळी नीट न उघडणं. वय कितीचं असावं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. फार लहान मुलांत नळी कच्ची असते, म्हणून बरेच जण आठ वर्षांच्या आसपास करणं पसंत करतात. तुमचा मुलगा त्या वयात आलाच आहे. पूर्ण भूल देतात, दवाखान्यात एक-दोन दिवस राहावं लागतं. त्यानंतर साधारण दोन महिने कानात पाणी नको, जोरात नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकावं. नाक दाबून शिंक अडवली तर नवा पडदा हवेच्या झोताने उचकटू शकतो. ऐकण्याची तपासणी तीनेक महिन्यांनी पुन्हा करतात.

आणि दुसरा प्रकार निघाला तर? मग वाट बघण्यात काहीच हशील नाही. मुलांत कोलेस्टिएटोमा मोठ्यांपेक्षा वेगाने वाढतो. 'मोठा झाला की थांबेल' हे सासूबाईंचं म्हणणं अगदी निराधार नाही. लहानपणी पडशाने दुखणारे पुष्कळ कान वय वाढेल तसे शांत होतात, आणि ते त्यांनी स्वतः पाहिलं असणार. पण ही पिशवी वयाबरोबर आटत नाही. त्यांना सोबत घेऊन जा आणि दुर्बिणीतून पडदा त्यांनाही दाखवा. घरात निर्णय ज्यांच्या शब्दावर होतो त्या माणसाने डॉक्टरांशी स्वतः बोललेलं बरं असतं.

यात मास्टॉइड म्हणजे कानामागचं पोकळ हाड उघडून आजार मुळासकट काढावा लागतो. इथे मला सासूबाईंच्या गावातल्या त्या माणसाबद्दल बोलायचं आहे, कारण या एका गोष्टीमुळे लोक वर्षानुवर्षं ऑपरेशन टाळतात. कोलेस्टिएटोमा आतली हाडं खातो, साखळी तुटते. पण पुष्कळदा ती पिशवी स्वतःच तुटलेल्या साखळीच्या जागी जाऊन बसते, आणि आवाज तिच्यामधून आत जात राहतो. म्हणजे ज्या आजाराने कान पोखरला तोच आजार तात्पुरता ऐकायलाही मदत करत असतो. पेशंटला वाटतं, वाहतोय तेवढंच, ऐकू तर ठीक येतंय. शल्यचिकित्सक आजार काढतो, कारण तो ठेवणं धोक्याचं असतं, आणि त्याबरोबर तो पूलही जातो. मग ऑपरेशनच्या आधीपेक्षा कमी ऐकू येतं. घरच्यांना हे कुणी आधी समजावलेलं नसतं, तेव्हा गावभर होतं की ऑपरेशनने कान गेला. त्या माणसाचं नेमकं काय झालं हे मला माहीत असायचं कारण नाही, पण अशी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा जीव त्या ऑपरेशनने सांभाळला होता.

म्हणून या ऑपरेशनच्या उद्दिष्टांचा क्रम आधीच मनात पक्का करा. पहिलं, कान सुरक्षित करणं, म्हणजे आजार मेंदूकडे, चेहऱ्याच्या नसेकडे जाऊ न देणं. दुसरं, कान कोरडा करणं. तिसरं, ऐकू येणं शक्य तितकं टिकवणं किंवा सुधारणं. तिसऱ्यासाठी पहिल्यात तडजोड करायची नसते. हाडांची साखळी मुलाच्याच हाडाच्या तुकड्याने, कूर्चेने किंवा टायटॅनियमच्या सूक्ष्म भागाने पुन्हा जोडता येते, कधी त्याच वेळी, कधी वर्षभराने दुसऱ्या टप्प्यात. तेवढ्याने भागलं नाही तर ऐकण्याचं यंत्र आहेच, आणि कान कोरडा असला की ते उत्तम चालतं.

चेहऱ्याच्या नसेला इजा होण्याची भीती सगळ्यांनाच असते आणि डॉक्टर संमतीपत्रावर ती लिहूनही घेतात. प्रशिक्षित शल्यचिकित्सकाच्या हातून असं क्वचितच होतं. नस कुठून जाते हे ओळखणं हाच त्याच्या शिक्षणाचा गाभा असतो, आणि अनेक ठिकाणी ऑपरेशनभर नसेवर लक्ष ठेवणारं यंत्रही लावतात. उलट आजार तसाच ठेवला तर तीच नस आजाराच्या तडाख्यात सापडते.

काही वेळा कानाच्या बाहेरच्या नळीची, म्हणजे पडद्यापर्यंत जाणाऱ्या मार्गाची, मागची भिंत काढून एकच मोठी पोकळी करावी लागते. आजार खोल असेल तर हाच मार्ग जास्त भरवशाचा ठरतो. पण ती पोकळी आपोआप साफ होत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने तज्ज्ञांकडून स्वच्छ करून घ्यावी लागते, तीही कायम. भिंत राखून ऑपरेशन केलं तर ही कटकट कमी, पण आजार आत राहून गेला नाही ना हे बघायला दुसरं ऑपरेशन किंवा विशेष प्रकारचा एम.आर.आय. लागतो. दोन्हींत चांगलं-वाईट आहे. माझा कल कुठे आहे विचाराल, तर जे कुटुंब नेमाने तपासणीला येऊ शकतं त्यांच्या मुलात भिंत राखावी. ज्यांना तालुक्याहून शहरात येणंच मुश्किल आहे, हातावर पोट आहे, त्यांच्या मुलाचा आजार एकाच वेळी संपूर्ण निघणं महत्त्वाचं. तुमची परिस्थिती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. ऑपरेशनची पद्धत ठरवताना ती माहिती स्कॅनइतकीच उपयोगी पडते.

खर्चाबद्दल: सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही ऑपरेशनं नेहमी होतात आणि तिथले हात सरावाचे असतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कानाची काही ऑपरेशनं बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या यादीत वाहणारा कान आणि कमी ऐकू येणं दोन्ही आहेत. त्यांच्यामार्फतही जिल्ह्याला पाठवता येतं. ऐकण्याच्या तपासणीसाठी आणि यंत्रासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे.

तोवर घरी काही खुणांवर लक्ष ठेवा. कानामागे सूज येऊन कान पुढे लोटल्यासारखा दिसणं, थंडी वाजून ताप, न थांबणारी डोकेदुखी आणि उलट्या, गरगरणं, तोंड एका बाजूला ओढलं जाणं, मान ताठ होणं, मुलाचं गुंगीत राहणं किंवा असंबद्ध बोलणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्या आणि 'याचा कान सहा वर्षं वाहतोय' हे पहिल्या वाक्यात सांगा. तापाच्या आणि उलट्यांच्या गर्दीत कानाची गोष्ट सांगायची राहून जाते, आणि तपासणारा डॉक्टर पोटाचा किंवा मलेरियाचा विचार करत बसतो. एक फसवी गोष्टही लक्षात असू द्या. नेहमी वाहणारा कान अचानक बंद झाला आणि त्याच वेळी ताप-डोकेदुखी सुरू झाली, तर पू बाहेर यायचा मार्ग अडून तो आत जातोय असं समजा.

शाळेत बाईंना सांगून त्याला पुढच्या बाकावर, उजव्या भिंतीकडच्या रांगेत बसवून घ्या, म्हणजे चांगला डावा कान वर्गाकडे राहील. एका कानाने ऐकणाऱ्या मुलाला शांत खोलीत सगळं कळतं, गोंगाटात मात्र शब्द निसटतात, आणि आवाज कुठून आला तेही उमजत नाही. अशा मुलाला 'लक्ष नाही', 'मुद्दाम ऐकत नाही' म्हणून बोलणी बसतात. त्याला रस्ता ओलांडायला शिकवताना दोन्हीकडे मान वळवून बघायची सवय जास्तच लावा.

डॉक्टरांकडे गेल्यावर इतकं नक्की विचारा: भोक पडद्याच्या कोणत्या भागात आहे, वरचं टोक पूर्ण दिसलं का, पिशवी आहे का, हाडांची साखळी शाबूत वाटते का, ऑपरेशन सुरक्षिततेसाठी आहे की ऐकण्यासाठी, आणि नंतर किती वेळा यावं लागेल. ऑडिओमेट्रीचा पहिला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा, पुढची प्रत्येक तपासणी त्याच्याशी ताडून बघायची असते.

आणि डावा कानही त्याच बैठकीत साफ करून बघायला सांगा. तो वाहत नाही, दुखत नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे वळून बघितलेलं नसेल. पण नाक दोन्ही कानांचं एकच. उजव्या बाजूची नळी इतकी वर्षं नीट काम करत नसेल, तर डावीकडचा पडदाही आत ओढला जायला लागलेला असू शकतो. त्या टप्प्यावर कळलं, तर ॲडेनॉइड काढून किंवा पडद्यात हवेची छोटी नळी बसवून पुष्कळ मुलांत पुढचं मोठं ऑपरेशन टाळता येतं.